बोगदा कॉलनीचं मोकळं अंगण

"टेप ओढू नका ओ बाई, ताणा तुटंल!"

मी जागच्या जागी थांबले. माझ्या हातातली मोजणीची टेप मागावर ताणलेल्या सुतांना घासत होती आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. विणायला बसलेल्या बाई मागाच्या खड्ड्यातून वर आल्या, पदर खोचला आणि माझ्या हातून टेपचं टोक काढून घेतलं.

"द्या हिकडं. मी धरते. कुठं लावायचं ते तुमी सांगा."

"त्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवून. घट्ट धरा हं."

"घट्टच धरलालेय की. जन्मभर सूतच धरलंय."

खोली भरली अकरा फूट चार इंच बाय नऊ फूट. मी वहीत लिहून घेतलं. बाईंचं नाव विचारलं, तेही लिहिलं. अनसूयम्मा येमूल, वय अंदाजे पन्नास, भाषा तेलुगू, व्यवसाय हातमाग. वय त्यांनी सांगितलं नव्हतं, मीच ठोकून दिलं होतं.

ही गोष्ट जानेवारी १९८९ची. मी वास्तुशास्त्राच्या चौथ्या वर्षाला होते. देवस्थळी सर आम्हा बारा जणांना घेऊन सोलापूरच्या पलीकडच्या सीमाभागात अभ्यासाला गेले होते. इतर कॉलेजांच्या सहली देवळं, दर्गे आणि किल्ले बघायला जायच्या. सरांना त्याचा राग यायचा. "जुनं बघायला सगळं जग येतं," ते म्हणायचे, "पण स्वातंत्र्यानंतर या लोकांनी काय बांधलं ते कोण बघणार?" म्हणून आम्ही बिदर-गुलबर्ग्यापासून पार लहानसहान गावांपर्यंत सिनेमाची थिएटरं, एसटी स्टँड, कालव्यावरच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहती आणि गिरणीच्या चाळी मोजत हिंडत होतो. काळी सपाट जमीन, मध्येच ज्वारी, मध्येच शहाबादी फरशीच्या खाणी आणि दर दहा मैलांवर बदलणारी बोली. पाट्या तीन लिप्यांत असायच्या. आम्ही पुणेरी मराठीत पत्ता विचारायचो आणि लोक आमच्याकडे जरा कीव केल्यासारखं बघून, हातवारे करून उत्तर द्यायचे.

या भटकंतीत सरांचं खरं प्रेम जडलं ते महाराष्ट्राच्या हद्दीतल्या सिद्धूर गावातल्या गिरणी कामगारांच्या वसाहतीवर. सरकारदरबारी तिचं नाव काहीतरी लांबलचक होतं. गावात तिला बोगदा कॉलनी म्हणत, कारण घरांची छपरं विटांच्या अर्धगोल कमानींची, आगगाडीच्या बोगद्यासारखी. १९५६ साली परदेशातून शिकून आलेल्या एका तरुण वास्तुविशारदानं ती आखली होती. लोखंड मिळत नव्हतं, सिमेंट मिळत नव्हतं, म्हणून नुसत्या विटेवर छप्पर तोललेलं. एकशे बारा घरं. चार चार घरांची तोंडं एका सामाईक अंगणाकडे केलेली. आणि चिठ्ठ्या टाकून घरं वाटताना अशी काळजी घेतलेली की प्रत्येक अंगणाभोवती एक घर तेलुगू, एक कानडी, एक मराठी आणि एक मुसलमान. चौघांनी संध्याकाळी एका अंगणात बसावं, हा त्या माणसाचा हेतू. हे सांगताना सरांचा आवाज भरून यायचा.

फक्त अंगणं राहिली नव्हती. तेहतीस वर्षांत लोकांनी त्यांत खोल्या बांधल्या होत्या. कुणाचा माग, कुणाची मोरी, कुणाच्या लेकाचा संसार. अनसूयम्माची खोलीही तशीच. नवरा वारल्यावर तिनं माहेरून माग आणला, आणि मागाला खड्डा लागतो, तो घरात कुठे खणणार? म्हणून एकाहत्तर साली तिनं अंगणात चार भिंती घातल्या.

मी तिला शहाण्यासारखं विचारलं, "अम्मा, पण मग चौघांना एकत्र बसायला अंगण कुठे उरलं?"

ती हसायलाच लागली. "एकत्र? त्या समोरच्या पाटलीणबाई लिंगायत. माझ्याकडं सुकटीचा वास सुटला की त्यांना जेवण जाईना. महबूबभाईच्या घरच्यांना दारात यायचं म्हंजी पडदा पायजे. पयली धा-पंधरा वर्सं निस्ती भांडणं झाली ओ. ही भिंत झाली मधी, तवापास्नं बोलचाल हाय. मधी भिंत हाय म्हणून तर बोलचाल हाय, बाई."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. संध्याकाळी सरांना दाखवलं तेव्हा ते "वा!" म्हणाले.

पुण्याला परतल्यावर मी बोगदा कॉलनीचा नकाशा काढायला घेतला. ट्रेसिंग पेपरवर शाईनं, साडेतीन फूट लांबीचा. सगळी एकशे बारा घरं, अठ्ठावीस अंगणं आणि अंगणांतल्या साठ खोल्या. बारा दिवस मान वर केली नाही. तेराव्या दिवशी सर टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"हे काय भरलंयस मध्ये?"

"अंगणातल्या खोल्या, सर."

"सुनेत्रा, आपण इमारत शिकतोय की तिच्यावर चढलेलं शेवाळ?"

"पण सर, त्या आहेत तिथे. मी मोजल्यात."

"आहेत. उद्या नसतील. मूळ रचना राहील." ते माझ्या टेबलावर वाकले. त्यांनी एका अंगणावर तळहात ठेवला. "हे एकदा मोकळं करून बघ. मग मला सांग."

त्या काळी ट्रेसिंगवरची शाई दाढीच्या ब्लेडनं खरवडून काढायची. हलक्या हातानं, कागद न फाटता. मी एक अंगण मोकळं केलं. मग दुसरं. खरं सांगायचं तर मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. चौथ्या-पाचव्या अंगणानंतर मला ते आवडायलाच लागलं. खोल्या निघत गेल्या तशी ती रचना अशी काही सुंदर दिसायला लागली की मी जेवायचंही विसरले. दोन दिवसांत साठही खोल्या खरवडल्या. मग खाली, प्रत्येक कागदावर लिहायचो तसं, ठसठशीत अक्षरात लिहिलं: प्रत्यक्ष मोजणी, जानेवारी १९८९. आणि सही केली.

ते लिहिताना हात जराही अडखळला नाही. आम्ही सगळे तसंच लिहायचो. कागदाची ती रीतच होती.

त्या नकाशाला बक्षीस मिळालं. सरांनी तो आपल्या खोलीत लावला, आपल्या लेखात छापला. मला पहिल्यांदा वाटलं की मी कुणीतरी आहे.

पुढे सहा वर्षांनी सिद्धूरची गिरणी बंद पडली. मालकाला कॉलनी पाडून जमीन विकायची होती. सर त्याच्याविरुद्ध उभे राहिले. लेख लिहिले, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या, माझा नकाशा प्रत्येक टेबलावर पसरला आणि शेवटी कॉलनीला संरक्षण मिळवलं. एकही कमान पाडायची नाही, असा हुकूम झाला. आम्ही कॉलेजात पेढे वाटले. तोपर्यंत मी सरांच्याच हाताखाली शिकवायला लागले होते, हंगामी म्हणून.

पेढ्यांची चव जिभेवर असतानाच हुकुमाचा पुढचा भाग कळला. वसाहत मूळ रूपात ठेवायची, म्हणजे अंगणं रिकामी करायची. ज्यांच्या खोल्या नव्वद सालाच्या आधीच्या असतील त्यांना गावातच दुसरी जागा मिळणार, नंतरच्यांना काहीच नाही. बहुतेकांनी काही ना काही कागद काढले. अनसूयम्माकडे एकही कागद नव्हता. त्या खोलीच्या दारावर पालिकेचा नंबर कधी पडलाच नव्हता, आणि शेजाऱ्यांचा शब्द धरणार नव्हते. आणि नव्वद सालाच्या आधी ती कॉलनी कुणी मोजली असेल तर ती फक्त आम्ही.

"तुला यावं लागेल सुनावणीला," सर म्हणाले. "सही तुझी आहे."

सुनावणी सिद्धूरच्या पालिकेत, सकाळी अकराला होती. आम्ही दहालाच पोचलो. व्हरांड्यात कॉलनीतली पाच-पंचवीस माणसं उकिडवी बसली होती. अनसूयम्मा मला बघून उठलीच.

"बाई आल्या की ओ! महबूबभाई, बगा, ह्याच त्या."

महबूबभाई, म्हणजे तिच्या शेजारचे म्हातारे शिंपी, हात कपाळाला लावून म्हणाले, "अच्छा हुआ आप आए. अम्मा चार रोज से येकीच बात बोलरी. मोजनेवाली बाई आएगी, मोजनेवाली बाई आएगी."

"आता कशाचं भ्या नाही," अम्मा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हिनं मोजलंय माझं घर. टेप मी धरली हुती." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "सांगचाल नव्हं बाई? मागाला जागा मिळाली म्हंजी झालं बगा. मला राहायला काय, कुठंबी राहीन."

"हो, अम्मा," मी म्हटलं. तेव्हा मी खरंच सांगणार होते.

सरांनी मला चहाला नेलं. समोरच्या टपरीवर बाकडं होतं. चहा आला. मग बशी बाजूला सरकवून म्हणाले, "काय सांगणार आहेस?"

"खोली होती. मी ती काढली होती आणि मग खरवडली."

"बरं. मालकाचा वकील आत बसलाय, पाहिलास? तो काय म्हणेल?"

"काय?"

"म्हणेल, ज्या नकाशावर तुम्ही संरक्षण मिळवलंत तो खोटा आहे. प्रत्यक्ष मोजणी लिहून साठ खोल्या गाळल्या, मग कमानी तरी खऱ्या कशावरून? संरक्षण मागे घ्या. आणि ते मागे घेतलं की पंधरा दिवसांत बुलडोझर. एकशे बारा घरं, सुनेत्रा. त्यात तिचंही आलं."

"पण सर, आपणच..."

"मी सांगितलं होतं खरवडायला. माझं नाव सांग तू, मी घाबरत नाही. मला फक्त ती कॉलनी उभी राहायला हवी आहे."

सर खोटं बोलत नव्हते. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. रात्रभर झोप नसावी, दाढी वाढलेली. त्यांनी त्या घरांसाठी जेवढा जीव आटवला तेवढा कुणी स्वतःच्या घरासाठी आटवत नाही. वकील तसं म्हणाला असता का, आणि म्हटल्यावर कुणी मानलं असतं का, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. पण सरांच्या त्या बोलण्यानं मला एक आडोसा मिळाला. कारण एकशे बारा घरांची काळजी ही माझ्या मनातली पहिली गोष्ट नव्हतीच. पहिली गोष्ट होती तो नकाशा. तो खोटा आहे असं चारचौघांत माझ्याच तोंडानं म्हणायचं, हे मला नको होतं.

सुनावणीचे अधिकारी गायधनी म्हणून होते. जिल्ह्याहून आलेले, थकलेले, सभ्य गृहस्थ. पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून त्यांनी चष्म्याचं घर ठेवलं होतं. टेबलावर माझा नकाशा पसरला होता.

"ही सही आपली?"

"हो."

"मोजणी आपण स्वतः केलीत?"

"हो."

"अर्जदार म्हणतात की त्यांची खोली तेव्हा होती. आणि आपण ती आतून मोजलीत. नकाशात या ठिकाणी अंगण मोकळं दिसतं." त्यांनी पेन्सिलीचं टोक त्या जागेवर ठेवलं. "माझा प्रश्न एवढाच आहे. एकोणनव्वदच्या जानेवारीत ही खोली जागेवर होती का?"

अनसूयम्मा उजव्या हाताला बाकावर बसली होती. ती माझ्याकडे बघून मान हलवत होती, लहान मुलाला पाठांतर म्हणायला लावताना हलवावी तशी. सर पाठीमागे होते. वकील काहीतरी लिहीत होता, त्यानं वर बघितलंदेखील नाही.

अकरा फूट चार इंच बाय नऊ. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

गायधनींनी चष्म्यावरून पाहिलं. "होती किंवा नव्हती, असं काही?"

"आठवत नाही, साहेब. खूप घरं मोजली होती आम्ही."

मला वाटलं होतं की हे ना खरं ना खोटं असं काहीतरी आहे, त्यानं कुणाचंच नुकसान होणार नाही. एवढी मूर्ख मी त्यापूर्वी आणि त्यानंतर कधी झाले नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "साक्षीदाराला आठवत नसेल तर कागद धरावा लागतो." आणि त्यांनी लिहून घेतलं.

अनसूयम्माला ते नीट कळलं नव्हतं. तिनं महबूबभाईंना काहीतरी विचारलं. त्यांनी खाली बघत तिच्या कानात सांगितलं.

निकाल महिन्याभरात लागला. एप्रिलमध्ये खोली पाडली. कॉलनी मात्र वाचली, आजही उभी आहे. दर वर्षी कुठली ना कुठली कॉलेजं ती बघायला जातात. अंगणं रिकामी आहेत आणि चारही घरांची दारं दिवसभर बंद असतात, असं परवाच एका विद्यार्थ्यानं त्याच्या अहवालात लिहिलं. त्याला त्याचं कारण समजलं नव्हतं. कमाई बंद झाल्यावर अनसूयम्मा त्याच वर्षी लेकीकडे गेली. लेकीच्या घरात मागाला जागा नव्हती.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी सुनावणी संपल्यावर मी व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या पिंपापाशी उभी होते. सर वकिलाशी बोलायला थांबले होते. अनसूयम्मा माझ्याकडे येताना दिसली. मी मनाशी म्हटलं, आता ही बोलेल. बोलू दे, वाट्टेल ते बोलू दे. तिनं माझ्या झिंज्या धरल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं.

ती जवळ आली आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या ओ बाई. कशाला मनाला लावून घेतलालाव? किती घरं बगता तुमी. कुठलं कुठलं ध्यानात ठिवायचं?"

मी पिंपावरचा पेला उचलला आणि पुन्हा ठेवला.

"पर मी सांगते, बगा आठवतंय का. तुमी मोजलं आणि भायर निघालाव, आणि उंबऱ्यातच डोळे फिरवलाव. ताप हुता अंगात, हात लावला तर चटका बसला. मी आत घेतलं तुमाला. मागाच्या कडंला जुन्या लुगड्यावर निजवलं. दोन अडीच तास निजलाव. तुमच्या पोरी हुडकत आल्या तवा मीच म्हणलं, उठवू नका, लेकरू दमलंय. झोपेत सारखी 'आई, आई' म्हणलालता. मी म्हणलं, आता आई कुठनं आणू मी हितं? मग मीच बसले डोक्यावर हात फिरवत. त्या दिवशी मागावर बसलेच नाही बगा."

हे मी वर लिहिलं नाही. लिहायला घेतलं होतं, पण लिहवलं नाही.

मला सगळं आठवत होतं. त्या लुगड्याला येणारा खळीचा वास, डोक्यावरून फिरणारा खरखरीत हात, डोळे उघडल्यावर छपराच्या पत्र्यातून आलेला उन्हाचा बारीक ठिपका. तिथे आता कुणी अधिकारी नव्हता, वकील नव्हता, सरही नव्हते. हो म्हणायला एक क्षण लागला असता.

ती माझ्या तोंडाकडे आशेनं बघत होती. आशा खोलीची नव्हती, ती गेली हे तिला कळलं होतं. तिला फक्त मला आठवायला हवं होतं.

"आता आलं ध्यानात?" तिनं विचारलं.

हो म्हटलं असतं तर पाच मिनिटांपूर्वी आत काय केलं तेही त्याच्याबरोबर सांगावं लागलं असतं.

"नाही, अम्मा," मी म्हटलं. "खरंच नाही आठवत."

तिचा चेहरा काळजीनं भरला. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला, मग गालाला. महबूबभाई तिला हाका मारत होते, टांगा थांबला होता. तरी ती पायरीवरून पुन्हा मागे वळली.

"डाक्टरला दाखवा ओ बाई," ती म्हणाली. "अंगावर काढू नका. ह्या वयात असं इसरणं बरं न्हवं."